नदीकाठचं मेहकर, रस्त्याचं मेहकर

बुलढाणा जिल्ह्यात नव्या माणसाला गाव विचारण्याआधी लोक एक वेगळाच प्रश्न टाकतात : घाटावरचे की घाटाखालचे? राजूरचा घाट उतरून मोताळ्याकडे निघालं की या प्रश्नाचा अर्थ कळतो. वरचा माळ, वरची थंडी, वरची हलकी-मध्यम जमीन मागे राहते आणि समोर पूर्णेच्या खोऱ्यातली काळी कपाशीची सपाटी पसरते. पाणीसुद्धा इथेच वाटणी करून घेतं. घाटाखाली पडलेला पाऊस नळगंगा, ज्ञानगंगा अशा नद्यांतून पूर्णेला, पूर्णेतून तापीला आणि तापीतून अरबी समुद्राला मिळतो. घाटावरचा पाऊस पैनगंगा नाही तर खडकपूर्णा धरतो, गोदावरीला जातो आणि थेट बंगालच्या उपसागरात उतरतो. एकाच जिल्हा परिषदेच्या हद्दीतून देशाच्या दोन टोकांना पाणी जातं, आणि जिल्ह्याचं राजकारणही बहुतेक वेळा याच रेषेवर फाटतं.

या वरच्या बाजूचं सगळ्यात जुनं नावाजलेलं गाव मेहकर. पैनगंगा बुलढाणा शहराजवळ मढच्या परिसरात, बुधनेश्वरापाशी उगम पावते. येळगावच्या धरणात अडून आधी बुलढाण्याची तहान भागवते, पुढे मेहकर तालुक्यात पेनटाकळीच्या धरणात थांबते आणि मग मेहकरच्या पायथ्याशी येते. तिथून वाशिम, हिंगोली, नांदेड, यवतमाळ अशी वळणं घेत चंद्रपूर जिल्ह्यात वर्धेला मिळते. मेहकरला मात्र ती अजून लहान आहे. पावसाळ्यात चार दिवस दरारा दाखवायचा आणि उन्हाळ्यात दगडगोट्यांत हरवायचं, हा तिचा जुना स्वभाव.

तरीही मेहकरचा इतिहास सांगताना सगळे नदीपासून सुरुवात करतात. पुराणांतल्या तीर्थांच्या यादीत मेघंकर आहे, मेघंकर दैत्याला मारणारा शार्ङ्गधर विष्णू आहे, म्हणून गाव पवित्र, म्हणून नदी पवित्र. ते असू द्या. मला वाटतं, मेहकरला तीर्थपण नदीने दिलं. पैसा, फौजा, साथी आणि संकटं मात्र रस्त्याने आणली. जालन्याहून नागपूरकडे जाणारी जुनी वाट इथून जाते. मेहकरचे चढउतार पाहायचे तर त्या वाटेकडे पाहावं.

अकबराच्या काळात वऱ्हाडचा सुभा मोगलांकडे आला तेव्हा त्याच्या सरकारांमध्ये एक सरकार मेहकरचं होतं, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचं ठिकाण. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी इथले मोमीन विणकर इतके गब्बर होते की गावाभोवतीचा कोट त्यांनी स्वतःच्या पैशाने बांधला, असं जुनी गॅझेटियरं सांगतात. गावकोट राजाने बांधावा, जहागीरदाराने बांधावा; इथे तो मागवाल्यांनी बांधला. हातमागावरचा माल एवढा पैसा देत होता याचा अर्थ तो गावातच खपत नव्हता, बैलांच्या पाठीवरून लांब जात होता.

पण ज्या वाटेने माल जातो त्याच वाटेने फौजाही येतात. १७६९ मध्ये जानोजी भोसल्यांना वठणीवर आणायला निघालेल्या माधवराव पेशव्यांची छावणी मेहकरला पडली होती, सोबत निजामाचा दिवाण रुक्नुद्दौलाही होता. १८०३ मध्ये असईची आणि अडगावची लढाई झाली, देवगावच्या तहाने वऱ्हाड निजामाकडे गेलं, आणि लढाईमागोमाग दुष्काळ आला. त्यात पेंढारी. मोमिनांची वस्ती लुटली गेली, माग थांबले. १८१७ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांवर चालून जाणारा जनरल डव्हटन याच वाटेने नागपूरला गेला, तोही मेहकरला मुक्काम करून. कोट बांधून घेतलेल्या गावाला एवढे पाहुणे झेपणारे नव्हते.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६४ मध्ये अकोल्यापासून वेगळा जिल्हा निघाला. आधी त्याला नैर्ऋत्य वऱ्हाड म्हणत, मग 'मेहकर जिल्हा'. हे आज मेहकरमध्येही फारसं कुणाला आठवत नाही. थोड्याच वर्षांत ते नाव मागे पडलं आणि जिल्हा बुलढाण्याचा झाला. घाटमाथ्यावरची सुमारे दोन हजार फूट उंचीवरची थंड हवा साहेबाला मानवत होती, हे कारण कागदावर असो-नसो, बुलढाण्याला उन्हाळा काढलेला माणूस समजून जाईल. सुभेदारीच्या काळापासून मान असलेलं गाव तालुक्याचं ठिकाण उरलं आणि एक लहानसं गाव जिल्ह्याचं झालं.

त्याहून मोठा घाव आगगाडीने घातला. १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरला रूळ पोचले ते घाटाखालून, मलकापूर, नांदुरा, शेगाव करत. अमेरिकेतल्या यादवीमुळे वऱ्हाडी कापसाला सोन्याचे दिवस आले होते. मँचेस्टरला कापूस हवा होता आणि तो पूर्णेच्या काळ्या जमिनीत होता. १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा निघाला आणि खामगाव बघता बघता वऱ्हाडातली मातब्बर कापूसपेठ झालं. जिन, प्रेस, दलाल, हुंड्या, सगळं खाली. घाटावरचा शेतकरी गाड्या जुंपून घाट उतरू लागला. ज्या मेहकरला दोन्हीकडचे व्यापारी येत, त्याने आता आपला माल दुसऱ्याच्या बाजारात न्यायचा.

नदीकाठच्या शहराला रेल्वेने काय करता येतं, याचं उलटं उदाहरण चीनमध्ये आहे. वुहान समुद्रापासून सुमारे हजार किलोमीटर आत, पण यांगत्से तिथे एवढी खोल की समुद्रावरची गलबतं तिथवर येत. हान नदी तिथेच यांगत्सेला मिळते. १८६१ मध्ये हानकोऊ परदेशी व्यापाराला खुलं झालं, १९०६ मध्ये बीजिंगहून रेल्वे आली, १९५७ मध्ये यांगत्सेवर पहिला पूल झाला. वुचांग, हानकोऊ, हानयांग ही तीन गावं मिळून एक शहर बनलं. तिथे नदी, रेल्वे आणि रस्ता एकमेकांना येऊन भेटले. आमच्या पैनगंगेत नाव कधी चालली नाही आणि रेल्वे डोंगर सोडून खालून निघून गेली. भूगोलात थोडा फरक असतो, इतिहासात तो किती मोठा होतो बघा.

या पडत्या काळातच मेहकरला त्याचा देव परत मिळाला. १८८८ मध्ये जमिनीखालून शार्ङ्गधराची मूर्ती निघाली. काळ्या पाषाणाची, सुमारे ११ फूट उंच, एका शिळेत घडवलेली. गाभाऱ्यात उभं राहिलं की आधी पावलं दिसतात; मुकुटापर्यंत पोचायला मान मागे टाकावी लागते, आणि गर्दी मागून ढकलत असते म्हणून ते धड पुरंही होत नाही. इतकी मोठी मूर्ती मातीखाली कुणी आणि कोणत्या भीतीने ठेवली असेल, याचा अंदाज वरच्या फौजांच्या यादीवरून करता येतो. सरकार ती लंडनला नेणार, असा सुगावा लागताच गावाने घाईघाईने प्राणप्रतिष्ठा उरकली, असं मेहकरकर सांगतात. एकदा प्राण फुंकले की ती पुराणवस्तू राहत नाही, देव होतो. आणि देवाला बोटीत घालणं साहेबालाही जड गेलं असतं. गावकीचं हे शहाणपण मला कोट बांधणाऱ्या मोमिनांच्या जातकुळीचं वाटतं.

दुसरी खूण म्हणजे कंचनीचा महाल. कुणी धर्मशाळा म्हणतं, कुणी नाचणारणीचा वाडा. तिला म्हणे गच्चीवरून लोणारच्या कमळजादेवीचा दिवा बघायचा होता. मेहकरपासून लोणार काही कोस दूर, आणि दिवा तर विवराच्या तळाशी, म्हणजे महाल कितीही चढवला तरी दिसणं कठीण. पण आख्यायिकेला मोजमाप लागत नाही. ना. घ. देशपांडे यांनी या महालाला कवितेत घेतलं. सेंदुरजनला १९०९ मध्ये जन्मलेले नाघ मेहकरला वकिली करत राहिले. त्यांची 'शीळ' जी. एन. जोशींच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवर आली आणि मराठी भावगीताची सुरुवात तिच्यापासून मोजली जाते. 'खूणगाठी'ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तोवर पुण्या-मुंबईच्या कित्येकांना हे गाव नकाशावर शोधावं लागत होतं. रेल्वे नाही, जिल्हा नाही, मोठा बाजार नाही. अशा गावात बसून त्यांनी मराठी गाण्याचा रोख बदलला. २००० मध्ये ते गेले.

आता ती जुनी वाट पुन्हा जागी झाली आहे. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि मेहकरला उतरण्या-चढण्याची जागा मिळाली. डव्हटनची पलटण ज्या दिशेने गेली, साधारण त्याच दिशेने आता मोटारी जातात. पूर्वी छावणी पडायची, घोड्यांना चारा लागायचा, चार पैसे गावात उरायचे. समृद्धीवरची गाडी कुंपणाच्या आतून निघून जाते. जमिनीचे भाव मात्र वाढले, मोबदल्यातून घरं उभी राहिली, भाऊबंदकीचे दावेही.

रेल्वेचं म्हणाल तर खामगाव-जालना मार्गाची मागणी आजोबांच्या पिढीपासून ऐकतो आहोत. सर्वेक्षणं झाली, मोर्चे झाले, प्रत्येक निवडणुकीत भाषणं झाली. ती लाईन झालीच तर चिखली, देऊळगाव राजा अशी जाईल. मेहकर तिच्याही वाटेवर नाही.