वाणिज्य शिक्षण

व्यापार, उद्योग, बँकव्यवसाय, विमा, वाहतूक इ. आर्थिक व्यवहारांचे संघटन, हिशेब, वित्तपुरवठा आणि त्यांना लागू असणारे कायदे यांचे पद्धतशीर ज्ञान देणारी शिक्षणशाखा. विद्यापीठीय पातळीवर तिचे दोन प्रवाह आढळतात : लेखाशास्त्र, अर्थशास्त्र व व्यापारी कायदे यांवर भर देणारा वाणिज्याचा आणि नियोजन, निर्णय व मनुष्यबळाचा उपयोग यांवर भर देणारा व्यवस्थापनाचा. पहिला प्रवाह झालेल्या व्यवहारांचा अर्थ लावण्यास, तर दुसरा पुढील व्यवहार ठरविण्यास शिकवितो, असा ढोबळ भेद करता येईल.

इतिहास : व्यापाराचे शिक्षण दीर्घकाळ पेढीवरच मिळत असे. उमेदवार रोजकीर्द लिहिण्यास, खतावणी करण्यास व हुंडीची देवघेव करण्यास अनुभवी मुनिमाच्या हाताखाली शिके. यूरोपात लूका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ मध्ये द्विनोंदी पद्धतीचे विवेचन प्रसिद्ध केले. तथापि हा विषय विद्यापीठात येण्यास आणखी सु. चार शतके लागली. अमेरिकेत जोसेफ व्हॉर्टन या उद्योगपतीच्या देणगीतून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १८८१ मध्ये व्हॉर्टन स्कूल स्थापन झाले. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाने १९०२ मध्ये वाणिज्य विद्याशाखा सुरू केली. तिचे धुरीण विल्यम ॲश्ली यांनी उद्योग-व्यापाराच्या सैन्यातील शिपाई नव्हे, तर अधिकारी घडविणे हे तिचे उद्दिष्ट मानले. वाणिज्य शिक्षणाने कारकून तयार करावेत की निर्णय घेणारी माणसे, हा प्रश्न या शाखेच्या आरंभापासून तिच्यापुढे आहे.

भारतात सोराब दावर यांनी १९०० मध्ये मुंबईत वाणिज्याची खाजगी शिक्षणसंस्था काढली. १९१३ मध्ये मुंबईतच सिडनॅम महाविद्यालय सुरू झाले. ते आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८–२० या काळात तेथे अर्थशास्त्राचे अध्यापन केले. पुढे मुंबईत पोदार (१९४१) व पुण्यात बृहन्महाराष्ट्र (१९४३) ही वाणिज्य महाविद्यालये निघाली. व्यवस्थापन शिक्षणासाठी कलकत्त्यात १९५३ मध्ये स्वतंत्र संस्था स्थापन झाली. १९६१ मध्ये कलकत्ता व अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था आणि १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठात जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था उभी राहिली. भारतीय व्यवस्थापन संस्थांना पदविकेऐवजी पदवी देण्याचा अधिकार २०१७ च्या अधिनियमाने मिळाला.

अभ्यासक्रम व कौशल्ये : पदवी अभ्यासक्रमात वित्तीय व परिव्यय लेखाशास्त्र, लेखापरीक्षा, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, कंपनी कायदा, करआकारणी, बँकव्यवसाय व विपणन हे विषय सामान्यतः असतात. तीन वर्षांच्या पदवीनंतर चौथे वर्ष पूर्ण करून ऑनर्स पदवी घेण्याची सोय राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये आहे.

या विषयांतून येणारे मुख्य कौशल्य आकडेमोडीचे नसून आकड्यांचा अर्थ लावण्याचे असते. उदा., एखाद्या कारखानदाराने ८ लाख रुपये खर्चाचा माल १० लाखांस उधारीने विकला, तर नफा-तोटा पत्रक २ लाखांचा नफा दाखविते. परंतु वर्षअखेरीपर्यंत ५ लाखच वसूल झाले आणि कच्चा माल व मजुरी यांचे ८ लाख चुकते करावयाचे असले, तर नफ्यात असूनही त्याला ३ लाखांची तूट पडते. हा पेच ताळेबंदातून ओळखणे, खेळते भांडवल किती लागेल याचा अंदाज बांधणे, उधारीची मुदत ठरविणे आणि बँकेपुढे कर्जाची मागणी सुसंगतपणे मांडणे, ही कामे एकाच विषयाच्या आधारे होत नाहीत. त्यांसाठी लेखाशास्त्र, वित्त, कायदा व स्पष्ट लेखन यांचा मेळ घालावा लागतो.

व्यवसायसंधी : वाणिज्य पदवीधरांना बँका, विमा कंपन्या, कारखाने, शासकीय लेखा कार्यालये, सहकारी संस्था व अध्यापन या क्षेत्रांत वाव असतो. आयुर्विम्याचे (१९५६) व १४ मोठ्या बँकांचे (१९६९) राष्ट्रीयीकरण झाल्यावर या संधी जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचल्या. महाराष्ट्रात साखर कारखाने, नागरी बँका व पतसंस्था यांनाही हिशेब जाणणाऱ्यांची गरज भासते. १९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाने भांडवल बाजार व वित्तीय सेवा यांचे क्षेत्र विस्तारले.

काही व्यवसाय मात्र केवळ पदवीवर करता येत नाहीत. कंपनीच्या वैधानिक लेखापरीक्षेचा अधिकार सनदी लेखापालालाच असून त्याची पात्रता १९४९ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेली संस्था ठरविते. ५५ टक्के गुण मिळविणाऱ्या वाणिज्य पदवीधरास तिच्या मध्यम परीक्षेच्या अभ्यासक्रमास थेट प्रवेश मिळतो. पण प्रत्यक्ष उमेदवारी चुकत नाही. परिव्यय लेखापाल (१९५९) व कंपनी सचिव (१९८०) यांसाठीही वेगळे अधिनियम व परीक्षा आहेत.

मर्यादा : पाठ्यपुस्तकातील तयार आकड्यांवर उदाहरणे सोडविणारा विद्यार्थी खरी पावती, बीजक वा बँकेचा उतारा न हाताळताच पदवीधर होऊ शकतो. पेढीवरील जुन्या उमेदवाराला व्यवहार ठाऊक असे, पण त्यामागील तत्त्व त्याला क्वचितच सांगितले जाई. आजच्या विद्यार्थ्याची स्थिती पुष्कळदा याच्या उलट असते. भाषेचीही अडचण आहे. कनिष्ठ महाविद्यालयात ‘पुस्तपालन व लेखाकर्म’ मराठीतून शिकलेल्यास सनदी लेखापालाची परीक्षा इंग्रजी वा हिंदी माध्यमातून द्यावी लागते. म्हणून दोन्ही भाषांतील परिभाषा आरंभापासून जोडीने शिकविणे हितावह ठरते.

नोंदी करणे, बेरजा जुळविणे व खाती उतरविणे ही कामे संगणक करू लागल्याने पदवीधरांना पूर्वी सहज मिळणाऱ्या कारकुनी जागांचा आधार कमी झाला आहे. मात्र नोंद चुकीच्या खात्यात गेली आहे, साठ्याचे मूल्य फुगविलेले आहे किंवा बुडीत येणे चांगले म्हणून दाखविले आहे, हे ओळखण्यास जाणकार माणूसच लागतो. ठेवीदार, भागधारक व कामगार यांचे हित अशा जाणकाराच्या प्रामाणिक मतावर अवलंबून असते. म्हणून प्रत्यक्ष उमेदवारी व व्यावसायिक नीती यांना अभ्यासक्रमात पूरक नव्हे, तर मध्यवर्ती स्थान असणे आवश्यक आहे.