चुंबक आणि वीज एका घरात नांदतील?

ओट्यावरचा गॅसचा लायटर घ्या. सेल नसलेला, नुसता ‘टिक्’ करून ठिणगी पाडणारा. त्याच्या पोटात सिरॅमिकचा छोटासा तुकडा असतो. त्यातले धन आणि ऋण भार एका दिशेने किंचित सरकलेले असतात, म्हणून दणका बसला की वीज उसळते. आता फ्रिजच्या दारावरचं चुंबक बघा. त्याच्या लोखंडाचा एकेक अणू म्हणजे इवलंसं चुंबक आणि हे सगळे रांगेत शिस्तीने उभे.

मग हे दोन्ही गुण एकाच पदार्थात का सापडत नाहीत? हा प्रश्न सरळ विचारला एका बाईने. इंग्लंडमध्ये १९६९ साली जन्मलेल्या निकोला स्पाल्डिन यांनी. कॅलिफोर्नियात शिकवत असताना, २००० साली, त्यांनी याच प्रश्नाचं शीर्षक देऊन शोधनिबंध लिहिला. त्यावर नाव आहे निकोला हिल. तेव्हा त्या हे नाव लावत.

त्यांचं उत्तर असं, की भार सरकण्यासाठी अणूत इलेक्ट्रॉनची एक खोली सहसा रिकामी लागते. चुंबकाला मात्र नेमकी त्याच खोलीत इलेक्ट्रॉनची वस्ती हवी असते. मग दोघांचं जमणार कसं?

पण कारण कळलं की वाटही दिसते. कामं वाटून द्यायची! बिस्मथ फेराइट या पदार्थात विजेचं काम बिस्मथ करतो आणि चुंबकाचं लोखंड. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले रामामूर्ती रमेश यांच्या गटाने, स्पाल्डिनबाईंच्या साथीने, २००३ साली त्याचा पातळ थर बनवला. नेहमीच्या तापमानातही त्यात दोन्ही गुण नांदत होते.

याचा उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. आपण पाठवलेले फोटो कुठल्यातरी हार्ड डिस्कवर चुंबकाच्या खुणांनी साठवले जातात. ती खूण उमटवायला विजेचा प्रवाह लागतो. त्यात वीज खर्च होते आणि यंत्र तापतं. हेच काम नुसत्या व्होल्टेजने झालं, तर केवढी बचत!

चिप जितकी लहान, तितका थर पातळ हवा. पण थर फार पातळ केला की ही शिस्त बहुधा मोडते. म्हणून २०२२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटाने मांडलेला पुरावा महत्त्वाचा ठरला. त्यांनी निकेल आयोडाइडचा एकच थर घेतला. जाडी किती, तर अवघ्या तीन अणूंची. इथे कामाची वाटणी नाही. निकेलची इवली चुंबकं गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी एकेक वळत जातात आणि त्या वळणामुळेच भार सरकतात. म्हणजे चुंबकाच्या पोटीच वीज जन्मते!

अर्थात, अडचण आहेच. हा संसार टिकतो तो उणे २५२ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीत. असा एकेरी थर घरातल्या यंत्रांत यायचा, तर तो नेहमीच्या तापमानाला टिकायला हवा. त्याचाच शोध चालू आहे.

स्पाल्डिनबाई २०११पासून झुरिकला ईटीएच विद्यापीठात गेल्या. २०१७ साली त्यांना महिला शास्त्रज्ञांसाठीचा लॉरिआल-युनेस्को पुरस्कार मिळाला. सुरुवात कशाने झाली? ‘हे असं का नाही?’ एवढ्याच प्रश्नाने. घरात अकरावी-बारावी सायन्सची मुलगी असेल, तर तिला ही गोष्ट जरूर सांगा. आणि तिने प्रश्न विचारला, तर ‘गप्प बस’ म्हणू नका!