नरक्या आणि काचेची बरणी

सह्याद्रीतल्या गावांना नरक्या ठाऊक आहे. लाकूड कापलं की असा वास सुटतो, नाकाला पदरच लावावा. पण त्यातच कॅम्प्टोथेसिन असतं, आणि त्यापासून कर्करोगावरची टोपोटेकान, इरिनोटेकान ही औषधं बनवतात. किलोभर वाळक्या सालीत ते निघतं जेमतेम काही ग्रॅम. म्हणून झाडं चोरून तोडली जातात. तोडणाऱ्याला मिळते फक्त मजुरी, आणि पकडलं गेलं तर गुन्हाही त्याच्याच नावावर.

झाड न तोडता हे जमेल का? प्रयोगशाळेत पानाचा तुकडा निर्जंतुक करून काचेच्या बरणीत अगर-अगरवर, म्हणजे आपल्या चायना ग्रासच्या जेलीवर ठेवतात. साखर, क्षार, वाढीची संप्रेरकं मिळाली की तुकड्यावर पेशींचा मऊ गोळा धरतो. त्यातला थोडा नव्या बरणीत घालायचा, विरजणासारखा. पुढे मोठ्या टाकीत, साखरपाण्यात हवा खेळवत पेशी वाढवतात आणि औषध वेगळं काढतात. स्तनाच्या कर्करोगावरचं टॅक्सॉल आधी यू झाडाच्या सालीतून काढत. आता ते असं टाकीतही तयार होतं.

नरक्याचं घोडं मात्र इथेच अडलंय. गोळा वाढतो, पण झाडाच्या मानाने द्रव्य फार कमी उतरतं. तोवर बियांपासून रोपं करणं आपल्या हातात आहे. गटाच्या रोपवाटिकेत एक वाफा त्याचाही असू द्या. साल उकळून मात्र कुणी पिऊ नका, ती विषारी आहे. आणि कुणी किलोचा भाव सांगत दारात आला, तर आधी वनखात्याचा परवाना दाखवायला सांगा.