रोलवर १२ फोटो, पण भागायचं किती ने?

जुना यशिका-मॅट १२४जी कॅमेरा गळ्यात घालून चौकात उभे राहा. लोक स्वतःहून विचारतात, ‘अजून चालतो का हो हा?’ गिऱ्हाईक तिथेच जमतं. शिवाय यात मान खाली घालून वरून बघायचं असतं. आपण रोखून बघत नाही, त्यामुळे समोरचा अवघडत नाही आणि चेहरा छान मोकळा येतो.

गडबड होते ती हिशोबात. १२० च्या रोलवर चौकोनी फोटो १२ च निघतात. समजा रोल, डेव्हलपिंग, स्कॅन आणि कुरिअर मिळून १६०० रुपये लागले. बरेच जण १२ ने भागतात, १३३ येतात, मग फोटो २०० ला विकून खूश! अहो, कुणी डोळे मिटणार, कुठे फोकस हुकणार. नवीन असाल तर ८ ने भागा. म्हणजे २०० ही तर तुमची कॉस्टच झाली. तुमची दुपार फुकट गेली ती वेगळीच.

पैसे क्लिकच्या आधी घ्या, फोटो कधी मिळेल तेही तेव्हाच सांगा. आणि सेकंडहँड कॅमेरा घेताना लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशी बघा. शटर १ सेकंदावर लावून ऐका. अडकत असेल तर स्वस्त मिळाला तरी सोडून द्या.