शाहूंनी गादी कशी पक्की केली?

1689 मध्ये रायगड पडला आणि संभाजीराजांचा लहानगा मुलगा शाहू मोगलांच्या कैदेत गेला. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, 1707 मध्ये सुटून तो दक्षिणेकडे निघाला, तेव्हा राजारामांच्या विधवा राणी ताराबाई आपल्या मुलाच्या नावाने राज्य चालवत होत्या. हा शाहू तोतया आहे, असे त्यांनी जाहीर केले.

म्हणजे पहिला प्रश्न ओळखीचाच होता. परसोजी भोसले यांच्यासारखा मातबर सरदार शाहूंसोबत एका ताटात जेवला, असे सांगितले जाते. अशी पंगत पाहिल्यावर तोतयेपणाच्या आरोपात दम उरत नव्हता.

दुसरी कसोटी फौजेची. ऑक्टोबर 1707 मध्ये भीमाकाठी खेडला लढाई झाली. ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना येऊन मिळाले आणि पारडे फिरले. सातारा हाती येताच जानेवारी 1708 मध्ये शाहूंनी राज्याभिषेक करवून घेतला. दाव्याला आता विधीचे बळ मिळाले.

तरीही अनेक सरदार कुंपणावरच होते. 1713 मध्ये पेशवे झालेल्या बाळाजी विश्वनाथांनी आरमारप्रमुख कान्होजी आंग्र्यांना लढाईऐवजी वाटाघाटीने शाहूंच्या बाजूला वळवले. पुढे 1719 मध्ये त्यांनी दिल्लीहून स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. त्यामुळे वसुलीला बादशाही मान्यता मिळाली आणि सरदारांचे हितही साताऱ्याशी बांधले गेले. मातोश्री येसूबाईही याच वेळी सुटून आल्या.

ताराबाईंनी उभ्या केलेल्या कोल्हापूरच्या गादीशी वाद मात्र 1731 च्या वारणेच्या तहापर्यंत चालला. त्या तहाने दोन्ही राज्यांच्या हद्दी ठरल्या.