टाकीतला समुद्र आणि आजीचा माठ

मंडळी, मासे म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे येतं ते मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेलं तारापोरवाला मत्स्यालय. पण आमच्या लेकीला नुसते मासे नको होते, तिला हवे होते प्रवाळ! हट्ट करून तिने शंभर लिटरची टाकी आणायला लावली आणि पश्चिम सिडनीतल्या आमच्या घरात एक छोटासा समुद्र आला.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जिवंत प्राणी. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि घरभाडं म्हणून मालकाला देतं. पाणी २५-२६ अंशांवर असेपर्यंत हा संसार सुखाचा. पाणी फार तापलं की मालक भाडेकरूलाच बाहेर काढतो. रंग जातो, आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो आणि उपासमार सुरू होते.

आपल्याकडचा उन्हाळा काय सांगावा! पेनरिथला ४ जानेवारी २०२० रोजी ४८.९ अंशांची नोंद झाली होती. म्हणून आम्ही चिलर घेतला. हा फ्रिजचाच भाऊ. पंप टाकीतलं पाणी त्यातून फिरवतो आणि ते गार होऊन परत येतं. आतली नळी टायटॅनियमची असते, कारण खारं पाणी तांब्याला खातं आणि तांबं प्रवाळाला विषासारखं.

आता आमची फजिती ऐका. घरघर नको म्हणून आम्ही चिलर टाकीखालच्या कपाटात ठेवला आणि दार लावून घेतलं. पहिल्याच कडक दुपारी यंत्र अखंड चालू, आणि पाणी मात्र २९ वर! दोन प्रवाळ फिकट पडले, लेक रडकुंडीला आली. चिलर उष्णता नाहीशी करत नाही, पाण्यातली काढून बाहेरच्या हवेत टाकतो, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. बंद कपाटात बिचारा स्वतःच्याच गरम श्वासाने गुदमरत होता.

तेव्हा आमच्या आई साताऱ्याहून आल्या होत्या. नातीला म्हणाल्या, "अगं, माठाला कुठे वीज लागते? वारा घाल त्याला!"

कपाट उघडलं, टाकीचं झाकण काढलं, पाण्यावर पंखा लावला. संध्याकाळपर्यंत पारा हळूहळू उतरला. हिशेब साधा आहे: एक लिटर पाण्याची वाफ होताना शंभर लिटर पाणी पाच-सहा अंशांनी उतरेल एवढी उष्णता जाते. मात्र मीठ उडत नाही, म्हणून घट भरायची ती गोड्या पाण्याने. दमट हवेत पंख्याचं फारसं चालत नाही, तिथे चिलरच हवा. आणि वीज गेलीच, तर बर्फ पाण्यात टाकू नये. पाणी गोठवलेल्या बंद बाटल्या एकेक करून सोडाव्यात.

एक प्रवाळ वाचला, एक गेला.

ग्रेट बॅरियर रीफवर अशी मोठी रंगहानी १९९८ आणि २००२ साली झाली, आणि पुढे २०१६ ते २०२४ या काळात तब्बल पाच वेळा. लेकीने हे आजीला सांगितलं, तेव्हा आजी टाकीकडे बघत म्हणाल्या, "आणि एवढ्या मोठ्या समुद्राला वारा कोण घालणार गं?"

लेक गप्प राहिली. आम्हीही.