रेटिंग टॉपचं, तरी ‘अनसोल्ड’ कसा? लिलावामागचं गणित समजून घ्या

आयपीएलचा लिलाव सुरू असला की वाशिम असो वा कारंजा, मोबाईलवर स्ट्रीमिंग आणि ग्रुपवर एकच प्रश्न: “अरे, हा कसा काय राहिला?”

नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाला झालेल्या मेगा लिलावात पृथ्वी शॉ, सर्फराज खान आणि शार्दूल ठाकूर हे तिघेही अनसोल्ड राहिले. तिघेही भारताकडून खेळलेले. पृथ्वी तर २०१८ चा अंडर-१९ वर्ल्डकप जिंकणारा कॅप्टन! मग झालं काय?

साधी गोष्ट आहे. रेटिंग खेळाडू किती चांगला ते सांगतं. बोली मात्र संघाला त्या क्षणी काय हवंय त्यावर लागते.

१. जागा मोजक्या
संघ १०, प्रत्येकात जास्तीत जास्त २५ खेळाडू. त्यातल्या काही जागा रिटेन्शनमध्येच भरलेल्या. यादीत नावं होती ५७७, विकले गेले १८२. म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला ‘अनसोल्ड’च येणार होतं.

२. पर्स आणि क्रम
प्रत्येक संघाकडे रिटेन्शन धरून १२० कोटी होते. लखनौने एकट्या ऋषभ पंतवर २७ कोटी लावले. नावं गटागटाने पुकारतात. तुमचं नाव येईपर्यंत संघांना हवे ते ओपनर मिळाले असतील, तर हात वर कोण करणार?

३. बेस प्राइस
शार्दूलची बेस प्राइस २ कोटी होती. त्याखाली बोली लागतच नाही. बॅकअपच हवा असेल तर संघ ३० लाखांपासून मिळणाऱ्या अनकॅप्ड पोराकडे वळू शकतो.

४. रिस्क
लिलावाच्या महिनाभर आधी पृथ्वीला मुंबईच्या रणजी संघातून वगळलं होतं. अशा वेळी संघ जुने रन नाही, येणारा सीझन बघतात.

हे फक्त क्रिकेटमध्येच होतं असं नाही. अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल या आइस हॉकी लीगमध्ये ‘ड्राफ्ट’ असतो. तिथे बोली नसते, संघ पाळीपाळीने एकेक खेळाडू उचलतात. २०२३ मध्ये मातवेई मिचकोव्ह हा रशियन पोरगा अनेक जाणकारांच्या यादीत अगदी वर होता, पण निवडला गेला सातव्या नंबरवर. त्याचा रशियातल्या क्लबशी २०२६ पर्यंत करार होता. इतकी वर्षं थांबायचं की लगेच खेळू शकेल असा दुसरा घ्यायचा, हा प्रश्न प्रत्येक संघापुढे होता.

मग करिअर संपलं का?
नाही. लखनौचा मोहसिन खान जखमी झाला आणि त्याच्या जागी शार्दूल आला, त्याच २ कोटींत. मार्च २०२५ मध्ये हैदराबादविरुद्ध त्याने ३४ रन देऊन ४ विकेट काढल्या.

आणि आपल्या शेजारच्या अमरावतीचा जितेश शर्मा घ्या. २०१६ मध्ये मुंबईने त्याला १० लाखांत घेतलं, पण आयपीएलमधला पहिला सामना मिळाला थेट २०२२ मध्ये, पंजाबकडून. तेव्हा किंमत होती २० लाख. ज्या लिलावात ते तिघे राहिले, त्याच लिलावात बेंगळुरूने जितेशला ११ कोटी मोजले. कारण फिनिशिंग करणारा भारतीय विकेटकीपर मिळणं अवघड.

त्यामुळे पुढच्या लिलावात आवडता खेळाडू राहिला, तर शिव्या घालण्याआधी चार गोष्टी तपासा: त्याच्या रोलची जागा किती संघांत रिकामी होती? नाव आलं तेव्हा पर्समध्ये किती उरले होते? बेस प्राइस किती? आणि अलीकडचा फॉर्म, फिटनेस कसा?

तुम्ही स्वतः मैदानात घाम गाळत असाल, तर हेही लक्षात ठेवा: पहिल्या तीन गोष्टी तुमच्या कामगिरीवर ठरत नाहीत. चौथी बऱ्यापैकी ठरते. ‘अनसोल्ड’ हा त्या दिवसाचा निकाल आहे, तुमच्या खेळाचा नाही.